ठोके मोजून पळावं का?

एकेकाळी हौशी धावपटूकडे बुटांचा एक जोड आणि फार तर स्टॉपवॉच असायचं. आता सिकंदराबादच्या परेड ग्राउंडभोवती, तिरुमलगिरी-बोलारमच्या छावणीतल्या सावलीच्या रस्त्यांवर किंवा हुसेनसागराच्या काठाने नेकलेस रोडवर पहाटे पळणाऱ्यांत मनगटी घड्याळ नसलेला माणूस शोधावा लागतो. हे घड्याळ अंतर आणि वेग दाखवतं, शिवाय हृदयाचे ठोकेही मोजतं. काहींच्या बनियनखाली छातीला पट्टा बांधलेला असतो. पळून झाल्यावर इडली-चहा घेताना ‘आज किती किलोमीटर?’ या प्रश्नामागोमाग ‘ॲव्हरेज हार्ट रेट किती आला?’ हा प्रश्न येतोच.

इथल्या पळणाऱ्यांचं वर्ष ऑगस्टअखेरच्या हैदराबाद मॅरेथॉनभोवती फिरतं. पीपल्स प्लाझापासून गच्चीबोलीच्या स्टेडियमपर्यंतचा हा मार्ग उड्डाणपूल, जुबिली हिल्सकडचे चढ आणि पावसाळी दमट हवा यांसाठी ओळखला जातो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता आणि नांदेडचा रेल्वे विभाग आजही सिकंदराबादच्या मुख्यालयाखाली येतो. त्यामुळे तिकडच्या धावपटूंना ही स्पर्धा परकी वाटत नाही. अशा हवेत आणि अशा चढांवर ठोके मोजून सराव केल्याने हौशी माणसाचं पळणं खरंच सुधारतं का?

या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. दिसणारा आकडा खरा असतो का? तो कोणत्या पट्टीवर वाचायचा? हवामान त्यात काय कालवतं? आणि त्यावर बेतलेल्या सरावाचा फायदा किती? एकत्र उत्तर द्यायचं तर यंत्र उपयोगी आहे, पण मुख्यतः आपल्याला आवरण्यासाठी. वेग वाढवण्याच्या कामी त्याची मदत बेताचीच होते.

फ्रायबर्गपासून फिनलंडपर्यंत

ठोके मोजून सराव करण्याची कल्पना घड्याळांपेक्षा बरीच जुनी. १९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि फ्रायबर्गचे हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी तिला शिस्त दिली. धावपटूने ठोके मिनिटाला १८०च्या आसपास जातील असं पळायचं, मग थांबायचं. ते १२०पर्यंत उतरले की पुढची फेरी. दीड मिनिटात उतरले नाहीत, तर त्या दिवशीचं काम त्याला झेपत नाही असं समजायचं. गेर्शलरच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून केलेला विश्वविक्रम सोळा वर्षं टिकला. तेव्हा नाडी मोजायची ती बोटांनी.

१९५७ मध्ये फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांनी आणखी एक धागा जोडला. माणसाची विश्रांतीची नाडी आणि कमाल नाडी यांच्यातलं अंतर ही त्याची राखीव क्षमता. सराव किती जोराचा झाला ते या क्षमतेच्या टक्केवारीत मोजावं, असं त्यांनी मांडलं. फिनलंडमध्येच केंपेले गावात १९७७ साली पोलार कंपनी निघाली. १९८२ मध्ये तिने छातीच्या पट्ट्यातून मनगटाकडे बिनतारी संदेश पाठवणारं यंत्र बाजारात आणलं. आधी ते बर्फावर स्की करणाऱ्यांसाठी होतं, मग सायकलवाल्यांकडे आणि धावपटूंकडे आलं. मनगटातच प्रकाशाने नाडी टिपणारी घड्याळं गेल्या दहाएक वर्षांत स्वस्त झाली आणि प्रयोगशाळेतली गोष्ट कॉलनीच्या पार्कात पोहोचली.

आकडा कितपत खरा?

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. ईसीजीचं तत्त्व तेच. त्याच्या आतल्या बाजूचे पॅड ओले करून घट्ट बांधला, तर हौशी माणसाच्या कामापुरता तो विश्वासार्ह असतो. त्याची नेहमीची खोड पहिल्या काही मिनिटांत दिसते. पॅड कोरडे असतील तर घाम येईपर्यंत तो भलतेच आकडे दाखवतो. उन्हाळ्यात हैदराबादकराला ही अडचण फार वेळ राहत नाही. डिसेंबरच्या थंड, कोरड्या पहाटे मात्र निघण्यापूर्वी पट्ट्याला नळाखाली धरावंच लागतं.

मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो शोषतं, आणि दर ठोक्याला शोषण्याचं प्रमाण बदलतं. परतणाऱ्या प्रकाशातल्या या चढउतारावरून नाडी काढली जाते. पळताना हातही तालात हलतो, त्यामुळे कधीकधी घड्याळ नाडीऐवजी पावलांचा ताल पकडून बसतं. बहुतेक धावपटूंची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात. म्हणून आरामात पळणाऱ्या माणसाला घड्याळ अचानक १७२ ठोके दाखवू लागलं आणि आकडा तिथेच अडकला, तर आधी पट्टा आवळून घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवावं. काळजी त्यानंतर.

सावळ्या कातडीवर ही घड्याळं कमी पडतात का, अशी शंका आपल्याकडे हमखास निघते. २०२० मध्ये ‘एनपीजे डिजिटल मेडिसिन’ या नियतकालिकातल्या अभ्यासात त्वचेच्या रंगानुसार अचूकतेत ठळक फरक आढळला नाही. हालचाल सुरू झाली की चूक वाढते, हे मात्र स्पष्ट दिसलं. म्हणजे झोपेतली किंवा बसल्याजागची नाडी मनगटावरून घ्यायला हरकत नाही, पण जोराच्या सरावात पट्टाच हवा.

एक माणूस, चार झोन टू

खरी गडबड पट्टीत आहे. बहुतेक घड्याळं वय विचारतात आणि २२० मधून ते वजा करून कमाल नाडी ठरवतात. या सूत्राच्या मुळाशी काय आहे, हे रॉबर्ग्ज आणि लँडवेर या संशोधकांनी २००२ मध्ये तपासलं, तेव्हा त्यामागे त्यासाठी केलेला प्रयोगच सापडला नाही. फॉक्स आणि सहकाऱ्यांच्या १९७१च्या लेखात वेगवेगळ्या अभ्यासांतले सुमारे ३५ बिंदू होते, आणि त्यांतून अंदाजाने ओढलेली रेषा म्हणजे हे सूत्र. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ जणांची माहिती एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. २०१० मध्ये मार्था गुलाटी यांनी शिकागो परिसरातल्या ५,४३७ स्त्रियांवरून स्त्रियांसाठी २०६ वजा वयाच्या ०.८८ पट हे सूत्र काढलं.

सूत्र कोणतंही घ्या, ते सरासरी माणसाचं असतं. प्रत्यक्ष माणूस त्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं. एक उदाहरण घेऊ. मारेडपल्लीत राहणारा पंचेचाळिशीचा बँक कर्मचारी, विश्रांतीची नाडी ६०. जुन्या सूत्राने त्याची कमाल नाडी १७५. त्याला झोन टूमध्ये, म्हणजे गप्पा मारता येतील अशा हलक्या श्रमात पळायचं आहे.

कमाल नाडीचे ६० ते ७० टक्के धरले तर त्याची मर्यादा १०५ ते १२२. एवढ्यात त्याचं झपाझप चालणंच जेमतेम बसेल. कार्व्होनेनच्या पद्धतीने राखीव ११५ ठोक्यांचे ६० ते ७० टक्के घेऊन त्यात ६० मिळवले, तर १२९ ते १४०. अमेरिकेचे फिल मॅफेटोन १८० मधून वय वजा करायला सांगतात, म्हणून १३५च्या आत. आणि त्याची खरी कमाल नाडी सूत्रापेक्षा बारा ठोके जास्त, म्हणजे १८७ असेल, तर कार्व्होनेनची मर्यादाच १३६ ते १४९ होते. माणूस तोच, रस्ता तोच, पण झोन टू चार निघाले. घड्याळाने ‘झोन फोर’ म्हणून लाल दिवा दाखवला की घाबरणारे आणि ‘झोन टू’च्या हट्टापायी महिनोन्‌महिने चालत राहणारे, दोघांचीही फसगत या पट्टीनेच केलेली असते.

यातून सुटण्याची साधी वाट म्हणजे स्वतःची चाचणी. अमेरिकी प्रशिक्षक जो फ्रील यांची पद्धत हौशी मंडळींत रुळली आहे. अंग गरम करून सपाट रस्त्यावर एकट्याने अर्धा तास, टिकेल तेवढ्या जोराने पळायचं. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी नाडी ही आपली उंबरठ्याची, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या जोराच्या वरच्या सीमेची नाडी. ती १६० आली, तर हलक्या पळण्याची मर्यादा तिच्या ८५ ते ८९ टक्के, म्हणजे साधारण १३६ ते १४२. नेकलेस रोडचा सपाट भाग या कामाला चांगला. एवढं जपावं की चाचणी थंड पहाटे करावी, आणि चाळिशी ओलांडलेल्याने किंवा ज्याला मधुमेह, रक्तदाब आहे त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

हवेचा वाटा

हैदराबाद-सिकंदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीने नाडीत फारसा फरक पडत नाही. फरक उष्मा आणि दमटपणा पाडतात. श्रमाची उष्णता बाहेर टाकायला शरीर त्वचेकडे जादा रक्त वळवतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि दर ठोक्याला पुढे ढकललं जाणारं रक्तही घटतं. स्नायूंची मागणी तेवढीच असल्याने हृदय ठोके वाढवून तूट भरून काढतं. वेग न बदलता नाडी अशी हळूहळू चढत जाते, याला धावपटू ‘कार्डिॲक ड्रिफ्ट’ म्हणतात.

आपल्या बँक कर्मचाऱ्याचा रविवारचा लाँग रन जुलैतल्या एखाद्या सकाळी असा दिसेल. संजीवय्या पार्कपासून निघाल्यावर किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगाने तो १३६ वर स्थिरावतो. पाचव्या किलोमीटरला १३९. आठव्या किलोमीटरला पावसाची भुरभुर थांबून ऊन येतं, कपडे अंगाला चिकटतात, आकडा १४५. बाराव्या किलोमीटरला वेग तोच, श्वासही जवळपास तसाच, पण घड्याळात १५३. पाणी पीत राहिल्याने हा चढ कमी होतो, पुरता थांबत नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही.

इथे जाणकारांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मर्यादा पाळा, गरज पडली तर चाला. दुसऱ्याच्या मते, उन्हाने वाढलेली नाडी स्नायूंच्या श्रमाची खूण नाही, म्हणून पाच-दहा ठोक्यांची सूट घ्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. उन्हात १४५ ठोक्यांवर पळताना स्नायूंना काम हलकं असतं, हृदयाला मात्र खरोखरच जड. त्यामुळे मार्च ते मे या महिन्यांत मर्यादा पाळून वेग सोडून देणं शहाणपणाचं. आठवड्यातला एखादा वेगाचा सराव सूर्य उगवायच्या आत किंवा ट्रेडमिलवर उरकावा. स्पर्धेत मात्र दुसऱ्या पक्षाचं ऐकावं. पहिल्या टप्प्यात मर्यादा कडक पाळावी, शेवटच्या तासात चढलेल्या आकड्याचा बाऊ करू नये.

शरीर उष्म्याला सरावतंही. रोज थोडा वेळ उष्ण हवेत सराव केला, तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्याच वेगाला नाडी उतरते. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या गार पहाटेत तयारी करून ऑगस्टमध्ये थेट हैदराबादेत उतरणाऱ्याची नाडी पहिल्या पाच किलोमीटरांतच का चढते, त्याचं कारण यात आहे. तयारीत काही चुकलेलं नसतं, शरीराला दोन आठवडे मिळालेले नसतात.

चढावरही यंत्राची एक मर्यादा समजून घ्यावी. श्रम वाढल्यावर नाडी तिथवर पोहोचायला मिनिटभर तरी घेते. छोट्या उड्डाणपुलाचा चढ तेवढ्यात संपलेला असतो, आणि जास्त आकडा उतारावर दिसतो. उड्डाणपुलावर घड्याळाकडे पाहून जोर ठरवणारा नेहमीच उशिरा सावध होतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारख्या लांब घाटात मात्र हाच आकडा वेगापेक्षा भरवशाचा, कारण तिथे चढ किलोमीटरभर टिकतो आणि किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांना काही अर्थ उरत नाही.

नाडी की श्वास: हैदराबादचा जुना वाद

शरीरावरचा ताण नाडीवरून ओळखावा की श्वासावरून, हा वाद या शहरात एकदा जगाच्या नजरेसमोर रंगला होता. निजामाच्या राजधानीत सर्जन असलेले एडवर्ड लॉरी यांचा ठाम दावा होता की क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे पाहूच नये, श्वासावर नजर ठेवावी. क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतं, हृदयाला थेट इजा करत नाही. निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसली. दुसऱ्या कमिशनसाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फरदूनजीही या प्रयोगांशी जोडलेल्या होत्या. शेकडो प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर निकाल लॉरींच्या बाजूने लागला. पण १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मच्या हलक्या गुंगीतही हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. श्वासावर नजर ठेवण्याचा सल्ला चांगला होता. नाडीकडे पाहू नका, हा त्यातला हट्ट महागात पडणारा होता.

आजचे धावपटू उलट बाजूला झुकले आहेत. घड्याळ आल्यापासून श्वासाकडे पाहणं त्यांनी सोडून दिलं. वास्तविक श्वास ही बिनपैशाची आणि बऱ्यापैकी अचूक मोजणी आहे. पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर श्रम हलके. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागत असेल तर उंबरठा जवळ आला. स्वीडनच्या गुनार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेची ६ ते २० अशी मोजपट्टी केली, तीही नाडीशी सांगड घालूनच. निरोगी तरुणाने १३ सांगितलं, तर नाडी १३०च्या आसपास असावी अशी तिची रचना. ही पट्टी आणि घड्याळ एकमेकांशी जुळतात का, ते पाहण्यातच खरी माहिती आहे. श्वास मोकळा आणि नाडी चढलेली असेल तर उष्मा, अपुरी झोप, जास्तीची कॉफी किंवा येऊ घातलेला ताप यांचा संशय घ्यावा. नाडी उतरलेली आणि पाय जड असतील, तर सरावाचा थकवा साचला असण्याची शक्यता आहे.

सावकाश पळण्याने खरंच फायदा होतो?

हलक्या सरावाचा सगळा आग्रह ‘ऐंशी-वीस’ या मंत्रावर उभा आहे. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के सराव हलका आणि थोडाच जोराचा असल्याचं दिसलं. हे नोकरदार हौशी माणसाला लागू पडतं का? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पॅनिश संशोधकांच्या अभ्यासात तीस हौशी धावपटूंनी दहा आठवडे सराव केला. बहुतेक वेळ हलकं आणि थोडा वेळ कडक पळणाऱ्यांचा दहा किलोमीटरचा वेळ सरासरी ५ टक्क्यांनी सुधारला. सतत मधल्या जोराने पळणाऱ्यांचा ३.६ टक्क्यांनी. कल हलक्या सरावाकडे होता, पण दोन्ही गटांतला फरक निर्णायक म्हणता येईल एवढा नव्हता.

दुसरी बाजूही बळकट आहे. २००७ मध्ये नॉर्वेत हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी चाळीस जणांवर आठ आठवड्यांचा प्रयोग केला. कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या करणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांहून अधिक वाढली. तेवढंच काम सावकाश करणाऱ्यांची तशी वाढली नाही. आठवड्यातून तीनच दिवस पळणाऱ्याला दोन सरावांमध्ये विश्रांती भरपूर मिळते. त्याने सगळेच दिवस हळू पळण्याचं कारण नाही.

मग हलक्या दिवसांचा उपयोग काय? हौशी माणसाची खरी खोड मधल्या जोरात अडकण्याची. ऑफिसला पोहोचायची घाई, शेजारून पुढे गेलेला ओळखीचा, फोनवर दिसणारी मित्राची धाव, या सगळ्यांमुळे रोजचं पळणं थोडं जास्तच जोरात होतं. ते हलकंही राहत नाही आणि कडकही होत नाही. पाय कायम थोडे थकलेले, नडगी दुखरी, आणि मंगळवारच्या वेगाच्या फेऱ्यांना जोर उरत नाही. या ठिकाणी घड्याळाचा पिपाणीसारखा इशारा कामाला येतो. तो अहंकाराला लगाम घालतो. दोनशे-चारशे मीटरच्या छोट्या फेऱ्यांत मात्र नाडी वर पोहोचेपर्यंत फेरी संपते, तिथे स्टॉपवॉच आणि श्वासच बरे.

तब्येतीचा प्रश्न

धावताना हृदय बंद पडल्याची बातमी आली की घड्याळाची आठवण होते. मॅरेथॉनमधला हा धोका थोडा आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळलेल्या १ कोटी ९ लाख लोकांमागे हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत बहुतेक पुरुष होते. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी गाठतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत. मुख्य म्हणजे घड्याळाला हृदयधमनीतला अडथळा दिसत नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी, अचानक धडधड, यांपैकी काहीही झालं तर आकडा कितीही सुंदर असला तरी थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्याची नाडी औषधामुळेच खाली राहते. त्याला कुठलंही सूत्र लागू पडत नाही. त्याने श्वासावरच भिस्त ठेवावी.

एक कारण आपल्याकडे सर्रास दुर्लक्षिलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. सराव नियमित असून एखाद्या बाईची हलक्या पळण्यातली नाडी महिनोन्‌महिने उतरत नसेल, तर नवं ॲप घेण्यापूर्वी तिने हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासून घ्यावं.

हिशेब

नुकतंच पळू लागलेल्याला पहिले सहा महिने या यंत्राची गरज नाही. त्याने बोलता येईल एवढ्या वेगाने पळावं, मध्ये चालावं, आणि रक्ततपासण्या आधी कराव्यात. आठवड्याला चार-पाच दिवस पळणाऱ्याला, त्यातही हलक्या दिवशी आवरता न येणाऱ्याला, छातीचा पट्टा घेतल्याचा फायदा होईल. त्याने घड्याळातलं वयाचं सूत्र काढून आपल्या चाचणीचा आकडा घालावा, आणि सिकंदराबादेत राहत असेल तर जानेवारी, मे आणि ऑगस्ट यांच्या वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. मेमधल्या नाडीची तुलना जानेवारीशी करून खचण्यात अर्थ नाही. यंदाच्या मेची तुलना गेल्या मेशी करावी. त्याच रस्त्यावर, त्याच महिन्यात, त्याच वेगाला नाडी पाच ठोक्यांनी उतरली, तर सराव लागू पडतोय असं समजावं आणि योजना बदलू नये.